कानात सांगितलेला शेवट

समोरच्या फ्लॅटमधला टीव्ही कायद्यानं चालायचा. बहारीनमध्ये गुदैबिया भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला आम्ही नवरा-बायको आणि दुसऱ्या बाजूला चार पुरुष मंडळी राहत. त्यांतले दोघे केरळचे, एक कोल्हापूरचा आणि चौथे काका. काकांनी टीव्हीशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला होता: निम्मा वेळ मल्याळम, निम्मा वेळ मराठी, बातम्या आणि क्रिकेट धरायचं नाही. युरोपात टीव्हीवाल्यांना निम्म्याहून जास्त वेळ आपल्याच खंडातलं दाखवावं लागतं आणि त्यात बातम्या नि खेळ मोजत नाहीत, असं त्यांनी वाचलं होतं. केरळच्या दोघांनी मान डोलवली. कोल्हापूरकरानं मात्र विचारलं, "काका, आणि मराठी बघायला कुणी घरातच नसलं तर?"

"तरी लावचा," काका म्हणाले. "बघणारो आज ना उद्या येतलो."

त्यामुळे पुष्कळदा रिकाम्या खोलीत मराठी मालिकेतली सासू एकटीच ओरडत असायची आणि ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

काकांचं नाव मी लिहीत नाही. ते आता कुडाळजवळच्या आपल्या गावी असतात, आणि नाव छापून आलं की वाडीतल्या प्रत्येकाला धरून वाचून दाखवतील. बहारीनमधली सगळी मराठी माणसं त्यांना काकाच म्हणायची. मी परभणीकडची, एका कंत्राटदार कंपनीत कागदपत्रं सांभाळणारी. मालवणी मला आधी अर्धीमुर्धीच कळायची. काकांनी ती मला शिकवली वगैरे नाही, नुसती माझ्यावर सोडून दिली, आणि दोनेक वर्षांत मला ती नीट समजायला लागली.

ते एका कंपनीत तंत्रज्ञ होते. मोठ्या हॉटेलांत परिषदा भरतात, तिथं भाषण अरबीत चालतं आणि लोकांच्या कानात ते इंग्रजीत पोहोचतं. ते हेडफोन, दुभाष्यांची काचेची खोली, वायरी, हे सगळं मांडणं आणि उचलणं हे काकांचं काम. परिषद संपली की एकेक हेडफोन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत बसायचे. "मंत्र्याचो कान काय नि शिपायाचो कान काय, मळ सारखोच," असं त्यांचं इतक्या वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

अशाच एका परिषदेत त्यांचं डोकं फिरलं. हे शब्द कोल्हापूरकराचे, मी ते सौम्य करायला तयार नाही. युरोपातून आलेली मंडळी तीन दिवस सांगत होती की आमच्याकडे सिनेमाला सरकार कसा हात देतं, आणि मग तो सिनेमा देशोदेशी कसा पोहोचवतं. समोर बसलेले पाहुणे जेवणाच्या वेळेकडे डोळे लावून होते. काका मात्र मागच्या टेबलाशी आवाजाची बटणं सांभाळत सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या.

"गो बाय, तुका ठाऊक आसा? थंय पिक्चर पडलो तरी सरकार गल्लो इचारीत नाय. इचारता, कोणाकोणाक दाखवलास?"

"बरं मग?"

"मगे काय! म्हणजे थंयच्या बस ड्रायव्हरान कर भरलो, तेच्यातून पिक्चर झालो. तो आमच्या हमद टाउनच्या ड्रायव्हरान बघूक नको?"

मी म्हटलं, बघू दे की, मी कुठं आडवी आलेय, आणि पिशव्या घेऊन वर गेले. ते खाली उभे राहून जिन्याला समजावत राहिले.

परिषदेत उरलेलं धोरणाचं एक जाड पुस्तक त्यांनी घरी आणलं होतं. त्याला शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलं, वर आपलं नाव लिहिलं, आणि रोज सकाळी चहाबरोबर एक पान याप्रमाणे ते वाचायला लागले. त्यातला एक मुद्दा त्यांच्या मनात फारच बसला. बाजारात ज्याला कुणी विचारणार नाही अशा सिनेमाला 'अवघड कलाकृती' म्हणायचं, आणि त्याला इतरांपेक्षा जास्त आधार द्यायचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ दर वर्षी गायचे आणि सभागृह दर वर्षी रिकामं व्हायचं. कमिटीनं या वेळी त्यांना एकच गाणं द्यायचं ठरवलं, तर काका उभे राहिले. "ही अवघड कलाकृती आसा. तेंका दोन गाणी द्या. आणि पुढच्या रांगेत आमची माणसा बसवा." कमिटीनं वैतागून हो म्हटलं. पुढच्या रांगेत माझ्या नवऱ्याला बसवलं गेलं. तो पुढचे दोन दिवस काकांशी बोलला नाही. माझ्या बिघडलेल्या पुरणपोळ्याही काकांनी याच नियमाखाली तीन खाल्ल्या.

आता शुक्रवारच्या खेळाकडे येते. राजधानीत, मनामा शहरातल्या एका सभागृहात दर हिवाळ्यात युरोपीय सिनेमाचा सप्ताह भरायचा. तो भरवणाऱ्या मॅडम युरोपातल्याच, उंच, घाईत असणाऱ्या, पण ऐकून घेणाऱ्या. सप्ताहाला पैसा तिकडच्याच एका सार्वजनिक निधीतून यायचा. उद्घाटनाची भाषणं दोन भाषांत म्हणून हेडफोन काकांच्या कंपनीचे, आणि ते पेट्यांसकट आठवडाभर तिथंच पडून राहायचे. काकांनी एक दिवस मॅडमना अडवलं. "मॅडम, वन चॅनल इज स्लीपिंग. माय पीपल आर आउटसाइड." मॅडमना ते काय ते कळलं असावं, कारण सप्ताहानंतरही त्यांनी वर्षभर दर शुक्रवारी दुपारी तीनला एक खेळ ठेवला आणि तो हेडफोनसकट काकांच्या हवाली केला. शुक्रवार म्हणजे आमच्याकडची सुट्टी.

काकांनी हमद टाउनचे ड्रायव्हर, सनद नावाच्या वस्तीतले प्लंबर-सुतार, गुदैबियातल्या खानावळीतले आचारी, सगळ्या मराठी मंडळींना सांगितलं की फुकट आसा आणि एसी आसा. माणसं एसीसाठी आली. पडद्यावर सिनेमा मूळ भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं, आणि हेडफोनमध्ये काका. काचेच्या खोलीबाहेर चपला काढून, धुतलेला पांढरा शर्ट घालून ते आत बसायचे आणि सबंध सिनेमा मालवणीत सांगायचे. सुरुवातीला निधीची आणि सरकारांची जी बोधचिन्हं येतात ती एकही सोडायची नाहीत. "ह्यो पयलो शिक्को तेंच्या सरकारचो. ह्यो दुसरो सगळ्या युरोपाचो. चुळबूळ करू नको रे, लोकांचे कष्ट आसत त्यात." मग गोष्ट सुरू. कुठल्याशा बर्फाळ देशातला न्यायाधीश आरोपीला म्हणायचा, "शिरा पडली तुझ्या तोंडार, खरा सांग!" आणि तीन रांगा खदखदून हसायच्या. मी हेडफोन घेत नसे, इंग्रजी वाचत असे. त्यामुळे रडण्याच्या जागी लोक हसले की मला वाटायचं, चालायचंच, काकांनी काहीतरी फोडणी दिली असेल.

पण एका शुक्रवारी मला लोकांचा रागच आला. सिनेमा एका बेटावरच्या म्हातारीचा होता. मुलगा दूर बोटीवर नोकरीला, म्हातारी वर्षभर त्याची वाट बघते. शेवटी शेजारीण त्याला पत्र पाठवते: तुझी आई मंगळवारी गेली. पत्र पोहोचायला उशीर होतो. तो घरी येतो, दार उघडतो, उंबरठ्यावर बराच वेळ उभा राहतो, मग पायरीवर बसतो, आणि सिनेमा संपतो. आखातात राहणाऱ्या माणसाला तसला फोन आज ना उद्या येणारच असतो. मी पदर तोंडाशी धरून रडले. आणि बाहेर येऊन बघते तर ही सगळी माणसं चहाचे कप घेऊन हसतायत! एक ड्रायव्हर म्हणत होता, "आता येऊंदे म्हातारी, अशा शिव्या घालतली झिलाक!" त्यांच्यात सनदमध्ये राहणारा एक कणकवलीकडचा प्लंबरही होता. त्याची आई दहाच दिवसांपूर्वी वारली होती, कामावरून रजा मिळाली नव्हती, आणि तोही हसत होता. पुरुषांच्या जातीला काळीज नसतं, असं मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं सिनेमा पाहिलाही नव्हता.

वर्ष संपता संपता मॅडमचा मला फोन आला. निधी आखडला होता. सप्ताह राहणार होता, पण शुक्रवारचा खेळ ठेवायचा की नाही यावर तिकडे विचार चालला होता. मॅडमनी त्यांना काकांबद्दल कळवलं, की इथं एक माणूस आहे, त्याच्यामुळे जे कधी आले नसते ते येतात. तिकडच्यांना ते आवडलं. पटलं तर मराठीला ते रीतसर पाठबळ देणार होते, अगदी हमद टाउनहून बससुद्धा. फक्त एक गोष्ट त्यांना हवी होती. मराठी ऐकणाऱ्यांच्या कानात नेमकं काय पडतं ते त्यांना शेवटच्या सिनेमापुरतं इंग्रजीत वाचायचं होतं. काका सवयीनं सगळं रेकॉर्ड करत, परिषदेत करतात तसं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कराल का भाषांतर? शेवटचा सिनेमा म्हणजे तो बेटावरचाच.

ऑफिसमधून आलं की जेवणाच्या टेबलाशी बसून मी ते करायला लागले. मजा येत होती. काका कुठं गोष्ट सोडत नव्हते, कुठं खोटं मिसळत नव्हते, फक्त शिव्या त्यांच्या घरच्या होत्या. बेटावरच्या वाऱ्याचंही ते वर्णन करत होते. मग पत्र आलं, आणि काका थांबले. टेपवर नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मग आवाज आला, एकदम हळू:

"शेजारणीचा पत्र इला हा. म्हणता, तुझी आवस माझ्याकडे किल्ली ठेवन लेकीकडे गेली, पलीकडल्या बेटार. आठ दिवसांनी येतली. तू घरात बस, खंय जाव नको."

आणि मुलगा उंबरठ्यावर उभा असताना: "घर बघता. आवशीचा घर. आता बसता पायरेर, वाट बघता. येतली ती."

मी टेप तीनदा ऐकली. मग मला सगळं कळलं. काकांनी सिनेमा आधी पाहिलेला नव्हता, समुद्राचा आणि होड्यांचा पिक्चर आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. आईच्या दुखवट्यात खोलीत एकटा पडलेल्या त्या प्लंबरला त्यांनी स्वतः ओढून आणलं होतं, चल, समुद्र बघ, बरं वाटेल म्हणून. तो तिसऱ्या रांगेत कानाला हेडफोन लावून बसला होता आणि काचेतून काकांना समोर दिसत होता.

मी फार विचार केला नाही. इंग्रजीत लिहून टाकलं: पत्र येतं, आई गेल्याचं कळतं, मुलगा पायरीवर बसतो. पडद्यावर जे होतं तेच तर मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांना चहाला बोलावलं आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, काळजी करू नका, मी सांभाळून घेतलंय.

"वाचून दाखव," काका म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ह्या मी बोललंय?"

"नाही. पण बोलायला हवं होतं ते आहे."

"फाड ता."

"काका, खरं लिहिलं तर शुक्रवार जाईल. खलास. तुमचाच नाही, सगळ्यांचा."

"माका कळता." त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. शुक्रवार म्हणजे काय होतं त्यांना हे मला ठाऊक होतं. आठवड्याचे सहा दिवस ते दुसऱ्यांच्या आवाजाची बटणं फिरवत, आणि तेवढे दोन तास त्यांचा स्वतःचा आवाज कुणाच्या तरी कानात जात असे. "बाय, मी त्या माणसासाठी खोटा बोललंय. तू माझ्यासाठी खोटा लिवतंस. ह्या दोघांत फरक आसा."

"काय फरक आहे? दोन्ही माया आहे."

"माया बरी आसा. पण थंयच्या ड्रायव्हरान कर भरलो, तेका कळाक व्हया मी तेच्या पिक्चराचा काय केलंय ता. जसा बोललंय तसा लिव. आणि मी थांबलंय ना मदी, ता पण लिव."

मला त्यांचा संताप आला. कुठला कोण बस ड्रायव्हर, ज्याला हे कधी भेटले नाहीत, भेटणार नाहीत, त्याच्यापायी हातातलं सगळं घालवायला निघालेला माणूस! मी तसं बोललेही. काका उठून गेले आणि समोरच्या फ्लॅटमध्ये मल्याळम बातम्या लावून बसले. मी रागारागानं जसं होतं तसं लिहिलं. थांबलेला श्वाससुद्धा लिहिला, आणि मॅडमना पाठवून दिलं.

महिन्यानं उत्तर आलं. मॅडमनी आम्हा दोघांना सभागृहात बोलावून वाचून दाखवलं. शुक्रवारचा खेळ राहणार होता, बसही मिळणार होती. पण कानात सांगणं बंद. सिनेमा प्रेक्षकांना संपूर्ण मिळाला पाहिजे, म्हणून यापुढे पडद्याखाली मराठी अक्षरं येतील, ती मान्यताप्राप्त भाषांतरकार करील. आणि पहिला सिनेमा तोच, बेटावरच्या म्हातारीचा, कारण या प्रेक्षकांना त्याचा शेवट अजून मिळालेला नाही.

मॅडम हळहळत होत्या. मला रडू फुटलं. काका म्हणाले, "बरोबर आसा. पडद्यार मराठी येतली, अजून काय व्हया?" आणि काचेच्या खोलीत जाऊन वायरी गुंडाळायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, तुका जमाचा नाय, गाठी पडतत.

तो शुक्रवार आला. बस भरून आली. काका पहिल्यांदाच खुर्चीत बसले होते, माझ्या शेजारी. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवत, कधी घडी घालत. ती मराठी अक्षरं शुद्ध होती, स्वच्छ होती, आणि कुणी हसलं नाही. शेजारणीचं पत्र आलं. पडद्याखाली उमटलं: 'तुझी आई मंगळवारी गेली.'

पुढच्या रांगेतल्या ड्रायव्हरनं मान वळवून काकांकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्यानं. मग आणखी दोघा-तिघांनी. रागावून नाही पाहिलं कुणी, नुसतं पाहिलं. काका खाली मान घालून बसून राहिले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर त्यांनी तो हळूच काढून घेतला.

बाहेर सगळे चहा घेत होते, काका कप घेऊन कडेला उभे राहिले. मग गर्दीतून तो कणकवलीचा प्लंबर आला आणि समोर उभा राहिला.

"काका, माका तेव्हाच कळला होता."

"काय कळला?"

"म्हातारी गेली ता. तो झील दारात उभो रवलो, आत पाय घालीना. आवस जिती असती तर घरात शिरताना असो कोण थांबता?"

काकांनी विचारलं, "मगे हसत कशाक भायर इलंस? माका बोललंस कशाक नाय?"

"तुमचो आवाज कापत होतो, काका," तो म्हणाला. "इतक्या कष्टान तुम्ही तिका लेकीकडे पोचवल्यात. म्हटला, रवांदे तिका थंयच."